हद्दीबाहेरचा पांढरा कागद

पुण्यात कौन्सिल हॉलसमोर नवी प्रशासकीय इमारत आहे. तिच्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ बसतं. महाराष्ट्र, गुजरात, गोवा इथले नद्यांचे, झाडांचे, किनाऱ्यांचे तंटे तिथे येतात. त्या रस्त्याने मी पंचवीस वर्षं जाते-येते आहे, पण आत जायची वेळ कधी आली नव्हती. गेल्या मार्चमध्ये दापोली तालुक्यातला एक मुलगा त्या इमारतीच्या फाटकाशी उभा राहून मला फोन करत होता. "ताई, रात्रीच्या एसटीने आलो. वकील अकराला भेटणारेत. तोवर तुमच्याकडे येऊ का?"

आमचं ऑफिस तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. तरी मी त्याला ऑफिसात बोलावलं नाही. कॅम्पातल्या एका अमृततुल्याची खूण सांगितली आणि मीच तिकडे गेले.

हा आमच्या काकूंचा पुतण्या. आमच्या म्हणजे नात्याने कुणी नाही, पण गेली अकरा वर्षं त्या गावात मी ज्यांच्याकडे उतरते त्या काकू. त्याच्या पिशवीत सातबाऱ्याचे उतारे होते, विहिरीचे फोटो होते, पाण्याच्या तपासणीचा अहवाल होता आणि सुप्रीम कोर्टाच्या एका जुन्या निकालाची छापील प्रत होती, पेनाने खुणा करून करून मळलेली. चहा यायच्या आत त्याने विचारलं, "त्या रिसॉर्टच्या पाण्याचा हिशोब तुम्हीच केला होतात ना? तो कागद मिळेल का आम्हाला?"

मी खारीचे तुकडे करत बसले.

मी प्लंबिंग कन्सल्टंट आहे. धंदा सांगितला की निम्मे लोक लगेच घरचा गळका नळ सांगायला लागतात. नळ आम्ही बघत नाही. इमारतीला पाणी किती लागणार, ते कुठून येणार, टाक्या केवढ्या, मैला कुठे जाणार, पावसाचं पाणी कुठे जाणार, हे आम्ही कागदावर काढतो. आर्किटेक्ट भिंती काढतात, आम्ही भिंतींच्या आतलं काढतो. ते पाहुणे कधी बघत नाहीत, आणि बघायची वेळ आली तर काहीतरी चुकलेलं असतं.

प्रत्येक कामाची सुरुवात साइट प्लॅनने होते. मधोमध जाड तुटक रेघेने काढलेली हद्द. रेघेच्या आत सगळं असतं : इमारती, रस्ते, पोहण्याचा तलाव, एकेक माड. रेघेच्या बाहेर कागद पांढरा. फार तर एका बाजूला बाण काढून 'समुद्राकडे' आणि दुसऱ्या बाजूला 'गावाकडे' एवढं लिहिलेलं. त्या पांढऱ्यातून एक रेघ आत येते, ते पाणी. दुसरी येते, ती वीज. एखादी रेघ आतून बाहेर जाते आणि पांढऱ्यात जाऊन संपते. ती कुठे संपते हे विचारायची आमच्या धंद्यात पद्धत नाही.

२०१४ साली मी पहिल्यांदा त्या गावी गेले तेव्हा रिसॉर्ट ३२ खोल्यांचं होणार होतं. गावाचं नाव लिहीत नाही. त्या कामाच्या कागदांवर माझी सही आहे. एवढं सांगते की समोर पांढरट पुळण, मागे सुरूचं बन, त्यामागे माडा-पोफळींच्या वाड्या आणि वाड्यांतून घरं. घरापासून समुद्रापर्यंत जांभ्या दगडाच्या पाखाड्या, दोन्ही बाजूंना गडगे. साइटवर राहायची सोय नव्हती म्हणून काकूंकडे उतरले. 'घरगुती जेवणाची सोय' अशी पाटी होती आणि ती पाटी काकांनी स्वतः रंगवलेली होती. 'सोय'मधला 'य' जागा न पुरल्याने खाली गेला होता.

काकूंच्या विहिरीचं पाणी पहिल्या दिवशी प्याले तेव्हा मी कामाच्या सवयीने विचारलं, "काकू, फिल्टर आहे का?" त्या म्हणाल्या, "अगो, पाणी बघ तरी आधी." विहीर समुद्रापासून तीनशे मीटरवर असेल. पाणी गोड. नुसतं खारट नाही म्हणून गोड असं नव्हे, खरंच गोड. संध्याकाळी वाडीला शिपणं चालायचं, पंपाचं पाणी पाटातून आळ्याआळ्यांत फिरायचं आणि घरभर ओल्या मातीचा वास यायचा.

खाऱ्या समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी राहतं कसं याचं गणित आम्हाला कॉलेजात होतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावाने ते ओळखलं जातं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची एक फूट उंची असेल तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं. हे ऐकायला छान वाटतं. पण गणित उलटंही चालतं. उपसा करून वरची पातळी एक फुटाने उतरवली की खालून खारं पाणी ४० फूट वर सरकतं. परीक्षेत याला पाच मार्क होते आणि मला पाचही मिळाले होते.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या आडव्या करून गेलं. काकूंच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्या तशा पडल्या होत्या. कित्येक आठवडे गावात वीज नव्हती. पोफळ लावली तर धरायला पाच-सात वर्षं लागतात, आणि काका तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. त्या पावसाळ्यात रिसॉर्टचा माणूस छत्री घेऊन घरोघर फिरला. त्याला दोष द्यावा तर तो भाव बरा देत होता. नऊ घरांनी वाड्या विकल्या. काकूंनीही अर्धी विकली. त्या पैशांतून त्यांच्या मुलाचा पुण्याच्या नऱ्ह्यातला फ्लॅट झाला. त्या सोसायटीला बारा महिने टँकर लागतो, पण ते वेगळं. म्हणजे, मला वाटायचं की ते वेगळं आहे.

२०२१ साली विस्ताराचं काम आमच्याकडेच आलं. ३२ खोल्यांच्या १३० होणार, लग्नाचा हॉल, दोन तलाव, स्पा. मी नेहमीसारखा पाण्याचा तक्ता केला. हॉटेलसाठी आयएस ११७२ या मानकात माणशी रोजचे १८० लिटर धरायला सांगितलेत. पंचतारांकित असेल तर ३२०. मी १८० धरले. १३० खोल्या, दर खोलीत दोन माणसं, २६० गुणिले १८०, म्हणजे ४६ हजार ८०० लिटर. तलाव, लॉन आणि कपड्यांची धुलाई वेगळी. 'स्रोत' या रकान्यात लिहिलं : 'आवारातली विहीर आणि टँकर'. टँकर कुठे भरणार हे लिहायला रकाना नव्हता.

त्याच सुमारास सरकारच्या जलजीवन मिशनचे फलक गावोगाव लागत होते. २०१९ साली जाहीर झालेल्या त्या योजनेत खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर मिळावेत असं ठरवलेलं आहे. ४६,८०० ला ५५ ने भागलं तर साडेआठशे माणसं येतात. गावात शिमगा-गणपती सोडला तर माणसं हजारेक. म्हणजे गावाशेजारी जवळजवळ दुसरं गाव वसणार होतं आणि ते रोज आंघोळीला टबात बसणार होतं. हा भागाकार मी तेव्हा केला नाही. गुणाकार केला, बिल पाठवलं, पैसे आले.

नियम होते, आणि ते आम्ही पाळले, निदान कागदावर. १९९१ साली किनाऱ्यासाठी पहिली सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना निघाली. तिच्यात किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांसाठी स्वतंत्र अटी होत्या आणि त्या वाचताना लिहिणाऱ्याने कुठलं तरी गाव डोळ्यांसमोर ठेवलं असणार असं वाटतं. इमारत ९ मीटरपेक्षा उंच नको. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत जमिनीतलं पाणी उपसायचं नाही. दोन रिसॉर्टांच्या मध्ये निदान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडायची, लोकांना समुद्रावर जाता यावं म्हणून. २०११ च्या अधिसूचनेतही ही वीस मीटरची अट राहिली. दुसरीकडे, बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या आत असलं की वेगळी पर्यावरण मंजुरी लागत नाही, आणि त्याच्यावर गेलं तरी इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणी माफ आहे. आमच्या रिसॉर्टचं बांधकाम एकोणीस हजार काहीतरी भरलं. असे आकडे योगायोगाने भरत नाहीत, आर्किटेक्टच्या टेबलावर ते भरवले जातात.

वीस मीटरची मोकळी वाट माझ्या नकाशावर होती. मीच त्यातून पावसाळी गटार काढलं होतं.

२०२४ च्या मे महिन्यात मी काम नसताना गेले. काका आदल्या डिसेंबरात वारले होते, काकूंना भेटायचं राहून गेलं होतं. फाट्यावरून गावात उतरणारा रस्ता पाहून मी चाटच पडले. पूर्वी समोरून बैलगाडी आली तर एकाने मागे जायचं, असा तो रस्ता. आता दोन गाड्या सहज जातील असा, मध्ये पांढरे पट्टे. तो रिसॉर्टच्या कमानीपर्यंत तसाच जातो आणि कमानीपाशी डांबर संपतं. सुरीने केक कापावा तसं संपतं. पुढे कोळीवाड्याकडे जाणारी माती आणि खडी तशीच्या तशी.

रस्ता मोठा झाला आणि एसटी गेली. हे मला आधी कळेना. काकूंनी समजावलं. गावात वस्तीची गाडी यायची, रात्री दापोलीहून आलेली बस देवळापाशी मुक्काम करून पहाटे परत निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या पडवीत झोपायचे, कुणाकडून तरी भाकरी-आमटी जायची. आता शुक्रवार ते रविवार देवळाच्या पटांगणात गाड्या उभ्या असतात. रिसॉर्टचं पार्किंग भरलं की तिथे लावतात. बसला वळायला जागा नाही. महिनाभर ड्रायव्हरने शिव्या घातल्या, मग गाडी फाट्यावरूनच परत जाऊ लागली. फाटा सव्वातीन किलोमीटर. काकू साखरेची तपासणी करायला दापोलीला जातात त्या आता रिक्षाने, आणि रिक्षावाला शनिवारचा भाव वेगळा सांगतो.

मासळीचं फार सांगत नाही. बरी सुरमई, बरं पापलेट होडीवरूनच रिसॉर्टच्या बर्फाच्या पेटीत जातं. कोळणींना रोख पैसे लगेच मिळतात आणि त्या खूश आहेत. काकूंच्या पाहुण्यांना बांगडा मिळतो. मला बांगडाच आवडतो.

संध्याकाळी समुद्रावर निघाले. पाखाडी गडग्यापर्यंत नीट होती. पुढे ती वीस मीटरची मोकळी वाट लागायला हवी. लागली. दोन्ही बाजूंना बोगनवेल, पायाखाली कापलेलं गवत आणि मध्ये बांबूचं फाटक. फाटकाला कुलूप नव्हतं हे खरं. स्टुलावर निळ्या शर्टातला पहारेकरी होता, तोही गावातलाच. माझ्यापुढे एक म्हातारी टोपलीत काहीतरी घेऊन चालली होती. त्याने सवयीने विचारलं, "रूम नंबर?" आणि मग तिच्याकडे नीट बघितलं. त्याची चुलतआजी होती. ती म्हणाली, "एकशे एकतीस." आणि तशीच पुढे गेली.

मी हसले, तोही हसला, पण मलाही त्याने रूम नंबर विचारलाच. मी इथे गटार काढलंय असं त्याला कसं सांगणार?

एक गोष्ट मात्र मला अपेक्षित नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट २०१४ साली अकरा होता आणि गुरुजी म्हणायचे, आणखी दोन-तीन वर्षांत कुलूप लागेल. गावातली तरुण जोडपी मुंबईत, पुण्यात; मुलं कुठून येणार? शाळेचा पट आता सव्वीस आहे. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात, बागेत, धुलाईत काम करणारी माणसं झारखंडची, ओडिशाची, नेपाळची. त्यांनी गावात पडव्या भाड्याने घेतल्या, बायका-मुलं आणली. काकूंच्याही मागच्या दोन खोल्या त्यांच्याच माणसांनी घेतल्यात, आणि ते भाडं पाहुण्यांसारखं हंगामाचं नाही, बारमाही येतं. शाळेच्या ओट्यावर एक नेपाळी मुलगी पाढे म्हणत होती. नऱ्ह्याहून सुट्टीला आलेला काकूंचा नातू शेजारी उभा. त्याला 'ळ' म्हणता येत नाही, तो 'ल' म्हणतो. ती मुलगी त्याला 'बाळ', 'माळ', 'पोफळ' म्हणून दाखवत होती आणि प्रत्येक शब्दानंतर त्याच्या तोंडात डोकावून जीभ कुठे लागते ते बघत होती. गुरुजी म्हणाले, "मॅडम, रिसॉर्ट बंद पडलं तर माझी शाळा जाईल हो." मला यावर काय म्हणावं ते सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

आणि स्मशान. गावाचं स्मशान सुरूच्या बनाच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी. चार लोखंडी खांब, वर पत्रा, एक दगडी ओटा. आमच्या साइट प्लॅनवर ते नव्हतं, कारण हद्दीच्या चाळीसेक मीटर बाहेर होतं. पांढऱ्यात. विस्तारातल्या सगळ्यात महागड्या बारा खोल्या नेमक्या त्या कोपऱ्यात आल्या. आर्किटेक्टने जागा बघितली तेव्हा संध्याकाळ होती आणि तिथून सूर्यास्त फार सुरेख दिसत होता. चिता रोज थोडीच पेटते? वर्षातून दहा-बारा वेळा. पण ज्या जोडप्याने लग्नाच्या वाढदिवसाला ती खोली घेतली, त्यांच्यासाठी ती एकदाच पेटते आणि त्यांच्याच दिवशी.

तक्रारी झाल्या. मग रिसॉर्टने ग्रामपंचायतीला लिहून दिलं : डोंगराच्या बाजूला आम्ही स्वखर्चाने नवं स्मशान बांधून देतो. पक्की शेड, नळ, बाकडी, दिवे, वर जायला रस्ता. ग्रामसभा दोन वेळा झाली, दोन्ही वेळा आरडाओरडा झाला. तरुण मुलं म्हणाली, घ्या की, पावसात पत्रा गळतो, लाकडं भिजतात, निदान बसायला जागा होईल. त्यांचंही चुकीचं नव्हतं. पावसाळ्यातले त्या जागेचे हाल मी बघितलेत. म्हातारे म्हणाले, आमचे बाप-आजे तिथे जळले. कुणीतरी म्हणालं, राख सोडायला शेवटी खालीच यायचं ना? काकूंनी सभेत तोंड उघडलं नाही, पण मला सांगताना म्हणाल्या, "खांद्यावर घेऊन चढ चढायचा, म्हणजे चार जणं धडधाकट हवीत. चार जणं आहेत का गावात?"

काका गेले तो शनिवार होता. रिसॉर्टमध्ये कुणाच्या तरी लग्नाची हळद होती, सकाळपासून गाणी चालू. तिरडी पाखाडीने खाली निघाली तेव्हा फाटकावरचा पोरगा धावत आत गेला. काकूंनी हे माजघराच्या खिडकीतून ऐकलं : गाणी मध्येच थांबली. संध्याकाळपर्यंत लागली नाहीत. "हळद लागली असेल त्यांची तशीच, मुकी," काकू म्हणाल्या. "त्यांनी गाणी बंद केली हो. कुणी सांगितलं नव्हतं. आता त्यांना वाईट कसं म्हणू, सांग."

नव्या स्मशानाचा ठराव अजून तसाच पडून आहे.

रात्री जेवायला बसलो. डाळ शिजलेली नव्हती, दाणे पाण्यावर तरंगत होते. काकूंनी सुरुवातीला कुकरला दोष दिला होता, मग डाळीला, मग दुकानदाराला. एके दिवशी पेज चाखून बघितली आणि काकांना विचारलं, "मीठ घातलंत का?" काकांनी घातलं नव्हतं. तेव्हा कळलं की पाणी मचूळ झालंय. मार्चपासून मेपर्यंत मचूळ, पावसाळ्यात परत बरं, पुढल्या वर्षी फेब्रुवारीपासूनच. माड खारं पाणी सोसतात. पोफळी सोसत नाहीत. वादळातून वाचलेल्या पोफळींचे शेंडे पिवळे पडलेत.

मी विहिरीत डोकावले. पातळी फार खाली नव्हती, आणि तीच मेख आहे. पाणी दिसत राहतं. खालून काय वर सरकलंय ते दिसत नाही.

हे रिसॉर्टमुळेच झालं असं मी छातीवर हात ठेवून म्हणेन का? आवारातली विहीर, तिच्यावर दोन पंप, रात्रंदिवस. पण वरच्या आळीतल्या दोघांनी बोअर मारून टँकरवाल्यांना पाणी विकायला सुरुवात केली, तेही त्याच झिऱ्यांतलं. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी किमान पंधरा घरांनी एसी खोल्या आणि संडास वाढवले. काकूंनीही २०२२ साली एक बोअर मारली, त्या तो विषय काढत नाहीत. सगळ्यांनी मिळून एकाच पेल्यात नळ्या घातल्या. फरक एवढाच की एकाची नळी मी मापून दिली होती.

परत येताना ताम्हिणी चढले. घाट संपला की डाव्या हाताला मुळशीचं पाणी लागतं. काठाला कुंपणं आणि 'लेक व्ह्यू'च्या पाट्या. १९२१ साली याच खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते इथून. धरण झालंच. गावं बुडाली, वीज मुंबईला गेली. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली कोकणात कुंडलिकेत सोडतात आणि कोलाडला त्यावर राफ्टिंग चालतं. भिऱ्याला पाणी सुटलं तर होड्या जातात, नाही सुटलं तर नाही. शाळेत असताना आम्ही मुळशीला सहलीला गेलो होतो. बाईंनी धरणाची उंची लिहून घ्यायला सांगितली होती. पाण्याखालच्या गावांची नावं नव्हती सांगितली, आम्हीही विचारली नाहीत.

चांदणी चौकात अर्धा तास अडकले. पुढे-मागे टँकर. बावधनला घरी पोचले तर आमच्याही सोसायटीच्या टाकीत एक ओतत होता. ड्रायव्हरला विचारलं, कुठून आणता? त्याने एका गावाचं नाव सांगितलं आणि संशयाने बघितलं. "का हो मॅडम? पाणी खराब आहे का?" मी म्हटलं, नाही, चांगलं आहे. गोड आहे.

तर अमृततुल्य. पुतण्याने आणलेला निकाल १९९६ सालचा, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ. हिमाचलात बियास नदीच्या काठावरच्या एका रिसॉर्टने हातपाय पसरले आणि नदीचा प्रवाह वळवण्यापर्यंत मजल गेली, त्याचं प्रकरण. सुप्रीम कोर्टाने तेव्हा सांगितलं की समुद्र, किनारा, वाहतं पाणी, हवा यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. पोराने 'विश्वस्त' या शब्दाखाली तीन रेघा मारल्या होत्या. वकिलांनी त्याला फोनवर सांगितलं होतं की बांधकामाविरुद्ध जायची सहा महिन्यांची मुदत कधीच टळली. मात्र नुकसानभरपाई आणि विहिरी पूर्ववत करून मागायला पाच वर्षं असतात, ती अजून हातात आहेत. फक्त रिसॉर्टला पाणी किती लागतं याचा आकडा हवा. मोघम नको, कागदावरचा हवा.

"तो कागद द्यायचा मला अधिकार नाही रे," मी म्हणाले. खरंच नाही, करारात तसं लिहिलेलं असतं. त्याहून खरं हे की तो आर्किटेक्ट आमच्या ऑफिसला निम्मी कामं देतो. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याऐवजी बिलाच्या मागे लिहून दिलं : आयएस ११७२, १८०, ५५. "खोल्या किती ते त्यांच्या जाहिरातीत आहेच. गुणाकार तू कर."

त्याने बिल उलटसुलट करून बघितलं. "एवढंच?" म्हणाला. मग घडी घालून पिशवीत ठेवलं आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. मी त्याला ऑफिसात का बोलावलं नव्हतं, हे त्याला एव्हाना कळलं असावं.

दहाएक दिवसांनी रात्री त्याचा फोन आला. टीव्हीचा आवाज, मागे काकूंचं बोलणं. "ताई, तुमच्या आकड्यांनी हिशोब मांडलाय. दोन गोष्टी अडल्यात. आता ते जाहिरातीत पंचतारांकित लिहितात, मग १८० घेऊ की ३२०? आणि खोलीत माणसं किती धरायची?"

मी म्हटलं, दोन्ही मांड, १८०चाही आणि ३२०चाही. माणसं तीन धर. हंगामात जादा गादी टाकतातच.

"तुमच्या कागदात किती धरली होती?"

खाली सोसायटीच्या आवारात टँकरचा पाइप ओढल्याचा आवाज येत होता. मी कपाट उघडून फाइल काढली. बघायची गरज नव्हती, पाठच होतं.

"दोन," मी म्हणाले. "एकूण ४६ हजार ८००. तलाव आणि लॉन सोडून. ते वेगळ्या पानावर आहे, थांब."

तो लिहून घेत होता. मध्ये थांबला आणि म्हणाला, "हे कुणी सांगितलं म्हणून लिहू?"

मी पूर्ण नाव सांगितलं. आडनावात 'ल' आहे की 'ळ', ते त्याने दोनदा विचारून घेतलं.